ब्लेडाएवढी फट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आकाशवाणीतून फोन आला, ‘एका विषयावर पंधरा-वीस मिनिटं बोला,’ तेव्हा माझी समजूत झाली की कवितेवरच बोलायचं असणार. मी मराठीत कविता लिहितो आणि माझं नाव मुसलमानी आहे, त्यामुळे मला सहसा दोनच विषय मिळतात. एक कविता, आणि दुसरा, ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ कुरुंदवाडात जन्मलेला माणूस मराठीत लिहिणार नाही तर कशात लिहिणार, हे उत्तर देऊन देऊन मी थकलोय. म्हटलं, या खेपेला मला टॅपेटवर बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाईंनी विचारलं, ‘टॅपेट म्हणजे?’

तेच सांगायला आलोय.

आमचे अब्बा इंजिनांचे मेस्त्री. कुरुंदवाडात त्यांचं पत्र्याचं शेड होतं, आजही आहे. पलीकडं नरसोबाची वाडी, मध्ये संगम, आणि दोन्ही अंगांना ऊस. नदीकाठी पाणी उपसायला इंजिन, गुऱ्हाळावर चरक फिरवायला इंजिन, पिठाच्या गिरणीला इंजिन. कुणाकडे किर्लोस्करचं, कुणाकडे साताऱ्याच्या कूपरचं, कुणाकडे कोल्हापूरच्याच एखाद्या कारखान्यात ओतलेलं. नावं निराळी, पण सगळी बिडाची. दोन गड्यांना हलायची नाहीत. अब्बा सायकलच्या हँडलला पान्यांची पिशवी अडकवून गावोगाव फिरायचे. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की ते चार-चार दिवस घरी यायचे नाहीत. आले की अंगाला डिझेल आणि गुळाच्या काकवीचा मिळून एक वास यायचा. तो वास मी कितीदा तरी कवितेत आणायचा प्रयत्न केला. आला नाही.

मी बी. ए. झालो. मराठी विषय घेऊन. नोकरी लागेपर्यंत म्हणून शेडमध्ये बसायला लागलो. नोकरी काही लागली नाही.

आता टॅपेट. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात, त्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणतो. एक हवा आत घेते, दुसरी जळका धूर बाहेर सोडते. रूप म्हणाल तर छत्रीसारखं, वर लांब दांडी, खाली गोल पसरट तोंड. हे तोंड आपल्या बैठकीवर घट्ट बसलं की झडप बंद. स्प्रिंग तिला बंद ठेवते. खालून कॅम नावाचा उंचवटा फिरत येतो, तो टॅपेटला ढकलतो, टॅपेट एका लांब काडीला ढकलतो, ती पुशरॉड. पुशरॉड वरच्या रॉकरला, म्हणजे एका छोट्या तरफेला उचलते आणि रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीला दाबतो. मोटरसायकलचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि पंचवीस वेळा मिटतो. एवढं सगळं आपण सिग्नलला उभे असतानाही चाललेलं असतं.

या साखळीत मुद्दाम एक फट ठेवतात. व्हॉल्व्ह बंद असताना साखळीतली सगळी अंगं एकमेकांना चिकटून बसता कामा नयेत, कुठंतरी केसभर मोकळं पाहिजे. ती फट मोजायला पोलादी पातळ पानांचा एक जुडगा मिळतो, फिलर गेज. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली. ज्याच्याकडे गेज नाही तो दाढीचं ब्लेड घालून बघतो. दोन्ही बाजूंनी धार असलेलं आपलं नेहमीचं ब्लेड साधारण ०.१० मिलिमीटर जाडीचं असतं.  गरिबाचं फिलर गेज म्हणून त्याला तोड नाही. फक्त वापरताना बोट सांभाळायचं.

फट का ठेवायची? तर गरम झालं की धातू वाढतो. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. धाव चाकापेक्षा अंमळ लहानच करतात. शेण्यांच्या जाळात ती लाल करायची, वाढली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. आवळत आवळत ती लाकडाला अशी धरते की चाकाचे सांधे करकरतात. लहानपणी आम्ही पोरं तेवढ्या करकरीसाठी लोहाराकडे तास-तास बसायचो. आगगाडीच्या रुळांत सांध्याला ठेवलेली फटही त्यासाठीच. कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ सालची. जयसिंगपुरात गाडी धरून तिकडे जाताना जो खडखडाट ऐकू यायचा तो त्या फटींचाच.

इंजिनात सगळ्यांत जास्त तापतो तो धुराचा व्हॉल्व्ह. सातशे अंशांच्या आसपास. अंधारात बघता आलं असतं तर लालसर दिसला असता. तापला की त्याची दांडी लांबते. वर फट ठेवलेली नसेल तर लांबलेली दांडी रॉकरला टेकते, आणि रॉकर काही मागं सरत नाही. मग व्हॉल्व्हचं तोंड बैठकीवरून उचललेलं राहतं. नखाएवढंही नाही, कागदाएवढं. पण तेवढं पुरे. कारण व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता बैठकीला टेकूनच बाहेर टाकतो. टेकताच आलं नाही तर उष्णता साचते, आणि वरून त्या चिरेतून जाळ शिळ फुंकल्यासारखा जातो. थोड्या दिवसांत व्हॉल्व्हची कड करवंटीसारखी तडकते. अशा जळक्या व्हॉल्व्हांची एक माळ अब्बांनी शेडमध्ये खिळ्याला लावून ठेवली होती. गिऱ्हाइकांना दाखवायला.

म्हणून बिडाच्या इंजिनाचा नियम सोपा. गरम झालं की फट मिटत येते. ब्लॉक बिडाचा, पुशरॉड पोलादाची, दोन्ही साधारण सारखीच वाढतात. व्हॉल्व्ह मात्र त्यांच्यापेक्षा जास्त तापतो, म्हणून जास्त वाढतो. गुऱ्हाळाच्या हंगामात इंजिन गार व्हायची वाट बघायला कुणाला सवड असते? एक काहील उतरून दुसरी चढेपर्यंत जी पंधरा-वीस मिनिटं मिळायची, त्यात अब्बा गरम इंजिनावरच टॅपेट बघायचे. त्यात धोका नव्हता. गरम असताना फट ठीक असेल तर गार झाल्यावर ती वाढणारच. सकाळी चालू करताना थोडं टकटक वाजेल, इतकंच. मी हे पाचशे वेळा पाहिलं होतं. आणि पाचशे वेळा पाहिलेलं माणूस नियम म्हणून डोक्यात ठेवतो.

मग आलं ॲल्युमिनियम.

आमच्याकडे जुन्या बायका ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मनचं पातेलं’ म्हणतात. याचा दगड, बॉक्साइट, आमच्याच जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरमाथ्यांवर मिळतो. तांबड्या मातीनं माखलेले ट्रक बेळगावच्या कारखान्याकडे जाताना आपण पाहिलेत. पण आमच्या शेडमध्ये तो दगड मोटरसायकलच्या रूपानं शिरला. मोटरसायकलला बिडाचं वजन परवडत नाही. ॲल्युमिनियम वजनाला बिडाच्या पाऊणपट हलकं नाही तरी निम्म्याहून बरंच हलकं, आणि उष्णता तिपटीच्या आसपास वेगानं वाहून नेणारं. वाऱ्यावर गार होणाऱ्या इंजिनाला याहून चांगलं काय? फक्त त्याची एक खोड आहे. ते तापलं की फार वाढतं.

किती? एक किलोमीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी आहे असं समजा. एक अंश तापवली तर ती सुमारे २३ मिलिमीटर वाढेल. तेवढीच बिडाची किंवा पोलादाची पट्टी ११-१२ मिलिमीटर. जवळजवळ निम्मी. आता किलोमीटर सोडा, इंजिनात काय असतं ते घ्या. १०० मिलिमीटरचा तुकडा, म्हणजे साधारण चार बोटं रुंद तळहाताच्या लांबीचा. शंभर अंश तापला तर बीड ०.११ मिलिमीटर वाढेल आणि ॲल्युमिनियम ०.२३. फरक ०.१२. म्हणजे एका ब्लेडाच्या जाडीहून जरासा जास्त.

आणि गंमत अशी की ही वाढ उलट्या बाजूला काम करते. व्हॉल्व्हची दांडी लांबली की फट मिटते. पण ज्या घरात ती साखळी बसवलीय ते घरच वर वाढलं, तर रॉकर व्हॉल्व्हपासून दूर जातो आणि फट रुंदावते. ॲल्युमिनियमच्या इंजिनात घराची वाढ बहुधा दांडीच्या वाढीवर मात करते. बिडाच्या इंजिनात गरम झालं की फट मिटत यायची, इथं ती उघडत जाते. म्हणजे नियम उलटा. आणि तो उलटा झालाय हे इंजिनाकडे बघून कळत नाही.

गावात त्या काळी मोटरसायकली पुष्कळ होत्या, पण राजदूत आणि येझदी जास्त. दूधवाले, मास्तर, सोसायटीचे सचिव, सगळे राजदूतवर. ही टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांना व्हॉल्व्हच नसतात, टॅपेटचा प्रश्नच नाही. त्यामुळे गावातली पोरं मोटरसायकल दुरुस्त करायला शिकायची ती टॅपेटशिवाय, आणि ज्यांना टॅपेट येत होता ते तो इंजिनांवर, म्हणजे बिडावर शिकलेले. बुलेट मोजून तीन-चार. त्यांतली एक आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अण्णांची. बागायतदार माणूस. बुलेट त्यांनी जुनी घेतली होती, पण ठेवली होती लेकीसारखी.

त्या बुलेटची रचना जरा मिश्र. खालचा सिलिंडर, ज्याला आम्ही बोअर म्हणतो, तो बिडाचा. वरचं हेड ॲल्युमिनियमचं. आणि आतल्या दोन पुशरॉडही ॲल्युमिनियमच्या, टोकाला पोलादी टोप्या. पुशरॉड ॲल्युमिनियमच्या का? तर घर वाढतं तसं त्यांनीही थोडंफार वाढावं, मागं राहू नये. पण बोअर आणि हेड जाळाला खेटून असतात, पुशरॉड बाजूला आपल्या बोगद्यात. त्या तेवढ्या तापत नाहीत, म्हणून वाढण्यात मागंच राहतात. त्यामुळे गरम झालं की फट उघडते. म्हणून या बुलेटला कंपनीचं सांगणं असं की इंजिन पूर्ण गार असताना फट शून्य ठेवा. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवली तर अलगद फिरावी, पण वरखाली हलू नये. ब्लेड नाही, गेज नाही, फक्त बोटं. अब्बांना हे कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मिरजेच्या एका मेस्त्रीकडून ते शिकून आले होते. मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं, घरात बोलतो त्या दखनीत, “बुलेट ठंडी हुए बगैर टॅपेट को हात नक्को लगा.” का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बी. ए. झालेल्या मुलाला बापाचे असे दंडक म्हणजे जुन्या माणसांच्या खोडी वाटतात. शनिवारी पाना विकत घ्यायचा नाही, तसलंच काहीतरी.

१९९२ सालचा डिसेंबर होता. अब्बा शिरढोणकडे गुऱ्हाळावर गेलेले. संध्याकाळी अण्णा इचलकरंजीहून आले ते थेट शेडसमोर. बुलेटचा ठेका नेहमीचाच, पण त्यावर एक टकटक. ‘लेका, ह्यो आवाज तेवढा घालव बघू. रस्त्यानं लोक बघाय लागल्यात.’ इंजिन एवढं तापलेलं की जवळ हात नेववत नव्हता. मी म्हणू शकलो असतो, ‘अण्णा, ठेवून जावा, सकाळी बघतो.’ पण अण्णा बाकावर बसले होते, चहा सांगून झाला होता आणि अब्बा नसताना मला मेस्त्री व्हायची हौस होती.

उजव्या अंगाला बोअरच्या बुडाशी एक छोटं झाकण असतं, त्याचा नट काढला. आत पुशरॉडची बुडं दिसतात. दोन्ही पुशरॉड चांगल्या वरखाली हलत होत्या. हलणारच, गरम होत्या. मला वाटलं, ढिल्या झाल्यात. चेकनट सोडून मी दोन्ही वर चढवल्या, बोटांत अलगद फिरतील आणि हलणार नाहीत इतक्या. अगदी अब्बांनी दाखवलेल्या मापानं. झाकण लावलं, किक मारली. टकटक गायब. नुसता धग् धग् धग्. अण्णा खूश. वर दहा रुपये जास्त दिले.

रात्री उशिरा अब्बा आले. मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

आता रात्री काय झालं ते आज मला नीट दिसतं. अण्णांच्या सोप्यात ते इंजिन उतरत गेलं. दीडशे अंशांच्या पुढं तापलेलं हेड आणि बोअर पहाटेच्या बारा-चौदा अंशांवर आलं. आवळत आलं, लोहाराच्या धावेसारखं. पुशरॉडही आखडल्या, पण मुळात कमी तापलेल्या म्हणून कमी आखडल्या. घर खाली बसत आलं आणि मधल्या काड्या जाग्यावर ताठ उभ्या. मी फट गरमपणीच शून्य करून ठेवली होती. आता ती शून्याच्या खाली गेली. फट शून्याच्या खाली जाणं म्हणजे व्हॉल्व्ह बैठकीवरून उचलला जाणं. कागदाएवढा.

पहाटे साडेचारला अण्णांच्या आईला दम्याचा जोराचा झटका आला. गल्लीत त्यांना सगळेच आक्का म्हणायचे. गावातल्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, थांबू नका, मिरजेला न्या. मिरज आमच्याकडची दवाखान्याची पंढरी. आजारी माणूस तिकडेच नेतात. अण्णांनी बुलेट बाहेर काढली. पुढे अण्णा, मध्ये आक्का, मागे थोरला मुलगा धरून बसणार, असं ठरलं. किक मारली तर पाय रिकामा खाली गेला. बुलेटची किक ज्यांनी मारलीय त्यांना माहीत आहे, ती उलट ढकलते, नीट मारली नाही तर पाय मोडेल. ती त्या पहाटे पंपाविना सायकलच्या टायरसारखी मऊ झाली होती. कॉम्प्रेशन नाही. उघड्या व्हॉल्व्हातून हवा निघून जात होती, दाबायला आत काही राहतच नव्हतं. अण्णांनी वीस-पंचवीस किका मारल्या. मग ढकलून बघितली, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. आक्का कट्ट्यावर बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आणि त्यांच्या छातीतून येणारी शिट्टी आमच्या घरापर्यंत ऐकू येत होती. त्या आवाजानंच आम्ही जागे झालो.

अब्बा लुंगीवरच धावले, मागून मी. शेवटी थोरल्या मुलानं सायकल काढली, वडापची जीप चालवणाऱ्या एकाला त्याच्या घरी जाऊन उठवलं. जीप येऊन आक्का त्यात बसेपर्यंत पाऊण तास गेला होता.

जीप गेल्यावर अब्बा बुलेटजवळ बसले. बोअरला हात लावला. हातानं किक दाबली. मला म्हणाले, पाना आण. झाकण काढून त्यांनी पुशरॉड फिरवून बघितली. धुराच्या बाजूची फिरेना. रोवल्यासारखी घट्ट. ते मराठीतच बोलले, कारण अण्णांच्या घरातली माणसं उभी होती, “वॉल उघडा ऱ्हायलाय.” मग माझ्याकडे बघितलं. त्यांना विचारावं लागलं नाही, मला सांगावं लागलं नाही.

त्यांनी चेकनट सोडला आणि ॲडजस्टर फिरवला. किती? षटकोनी नटाची एक कड. फेरीचा सहावा हिस्सा. आटे मिलिमीटरच्या अंतराचे धरले तर ०.१७ मिलिमीटरच्या आसपास येतं. दोन ब्लेडांपेक्षा कमी. किक मारली, दुसऱ्या किकला बुलेट सुरू झाली आणि त्या पहाटे गल्लीत असा आवाज झाला की मला कानांवर हात ठेवावेसे वाटले.

आक्का आठ दिवसांनी मिरजेहून घरी आल्या. त्याच दिवशी संध्याकाळी अब्बांनी मला बरोबर घेतलं. मी वाटेत म्हणालो, गाडी जुनी आहे, काहीही झालं असेल म्हणून सांगता येईल. अब्बा चालतच राहिले. अण्णांच्या सोप्यात गेल्यावर ते बाजूला उभे राहिले आणि मला पुढे केलं. मी सांगितलं. अण्णांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटत होतं, थंडीनं गाडी चालू झाली नाही. मग कळलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. आत पलंगावर आक्का उशीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आतूनच विचारलं, “मग आता गार झाल्यावरच बघतोस न्हवं?”

त्या २००३ सालापर्यंत होत्या. पण दमा त्या हिवाळ्यानंतर वाढला, एवढं खरं. पुढं त्यांना पाण्याची घागर उचलता आली नाही. तो त्या पाऊण तासामुळे वाढला की वयामुळे, हे मी कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हेही मला ठरवता आलेलं नाही. इथं कवी म्हणून मला एखादी उपमा सुचायला हवी. पण आमच्या अब्बांचं म्हणणं असे, उपमा नाष्ट्याला खावा.

त्यानंतर मी सुधारलो म्हणण्यापेक्षा, मला भूक लागली. मिळेल ते वाचायला लागलो. जयसिंगपूरला एका स्पेअर पार्टवाल्याकडे मारुती ८०० चं दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं, आणि कॅम, रॉकर सगळं हेडातच. त्यात फटीचे आकडे दोन दिलेले. गार असताना साधारण ०.१५ मिलिमीटर, गरम असताना साधारण ०.२५. एकच फट, एकच गाडी आणि दोन आकडे. मी ते पान कितीदा वाचलं. गरम झाल्यावर फट एका पूर्ण ब्लेडानं वाढते, असं छापील होतं. माझ्याकडून त्या रात्री जे झालं ते कुणीतरी जपानमध्ये बसून आधीच मोजून ठेवलं होतं.

जर्मनांनी तर यावर अख्खी गाडी उभी केली. फोक्सवॅगन बीटल, पाठीमागं इंजिन असलेली, कासवासारखी. तिच्या इंजिनाचं घर हलक्या धातूचं, म्हणून तिच्या पुशरॉडही ॲल्युमिनियमच्या, आणि टॅपेट बघायचा तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. अब्बांना हे मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, म्हणजे जर्मनलाही ठाऊक हाय.

हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली, पण आमच्याकडे तिची गर्दी झाली नव्वदनंतर. मग स्प्लेंडर. टू-स्ट्रोक हळूहळू गेल्या आणि प्रत्येक घरात टॅपेट आला. या छोट्या इंजिनांना फट लागते साधारण ०.०५ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या ब्लेडाची. ब्लेड आत गेलं तर समजायचं ढिला आहे. होंडाच्या पुस्तकात आणखी एक अट असते, इंजिन ३५ अंशांच्या खाली असताना बघावं. आता आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेच्या दुपारी रात्रभर उभी असलेली गाडीही ३५ च्या वर असते. पुस्तक लिहिणाऱ्याला मे महिना माहीत नसावा. म्हणून उन्हाळ्यात टॅपेटचं काम आमच्याकडे सकाळी सातच्या आत. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

फटीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ती एका दिवसातली नाही, वर्षांतली आहे. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटत आपटत ती झिजवतो आणि थोडा थोडा आत जातो. म्हणजे दांडीचं टोक वर येतं आणि फट आपोआप कमी होत जाते. गॅसवर चालणाऱ्या रिक्षांत हे लवकर होतं. अब्बा म्हणायचे, वाजणाऱ्या टॅपेटला घाबरू नको, तो निदान बोलतोय. जो गप्प झाला त्याचं झाकण काढ. गिऱ्हाइकाला नेमकं उलट वाटतं. गाडी गप्प म्हणजे गाडी बरी. त्या संध्याकाळी अण्णांनाही तसंच वाटलं होतं आणि मलाही.

२००८-०९ नंतरच्या नव्या बुलेटमध्ये टॅपेट हायड्रॉलिक आला. आत तेल भरतं, फट असेल तेवढी तेलच भरून काढतं, गार असो की गरम. तिथं बोटांचं काम संपलं. पोरं इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन येतात, त्यात तर व्हॉल्व्हच नाहीत. पुतण्या म्हणतो, काका, तुमचं शास्त्र आता म्युझियममध्ये ठेवा. ठेवू की. शेड आता तोच बघतो. मी सकाळी तासभर बसतो.

अब्बा आता नाहीत. त्यांचं फिलर गेज होतं, ते २०१९ च्या पुरात गेलं. म्हणजे वाहून नाही गेलं. ऑगस्टमध्ये शेडमध्ये छातीएवढं पाणी होतं, उतरल्यावर चिखलात गेज सापडलं. पानं एकमेकांना चिकटली होती, गंजली होती. घासून सुटी केली. पण गंज धातूला जाड करतो आणि घासलं की तो पातळ होतो. ०.१५ च्या पानावर आकडा ०.१५ आहे आणि मी मोजलं तर कुठं ०.१३, कुठं ०.१८. खिळ्याला लावून ठेवलंय, जिथं जळक्या व्हॉल्व्हांची माळ होती तिथं.

अण्णांची बुलेट अजून आहे. त्यांचा नातू चालवतो, पुण्याहून सुट्टीला आला की. या जानेवारीत तो दुपारी तीनला आला, नरसोबाच्या वाडीला दोन फेऱ्या मारून. म्हणाला, काका, टकटक वाजतंय, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, गाडी ठेव आणि जा. तो म्हणाला, संध्याकाळी मित्रांबरोबर जायचंय. मी म्हटलं, सायकल ने. त्याला हे सगळं कुणी सांगितलेलं नाही, मीही सांगितलं नाही. किल्ली बाकावर ठेवून तो तोंड वाकडं करून चालत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी शेड उघडलं. बोअरला हात लावला. नदीवरून गारठा आला होता, बीड दगडासारखं थंड. पाना घेतला आणि झाकणाचा नट सोडला.